आत्मघात आणि मागें राहिलेले आप्त : नारायणबलीच्या इतिहासावरून एक विचार

(१) विषय व त्याची मर्यादा

जुन्या दफ्तरांत व कुलवृत्तांतांत मृत्यूच्या नोंदी विपुल सांपडतात. अमुक लढाईंत पडला, अमुक वाख्यानें वारला, अमुकीनें सहगमन केलें, हें लेखक अडखळल्यावांचून लिहून जातो. एका प्रकारच्या मृत्यूशीं मात्र त्याची लेखणी थबकते. ज्यानें आपला जीव आपण दिला त्याच्याविषयीं ‘अकस्मात् वारला’, ‘अपघात झाला’, ‘दुर्मरण आलें’ अशा आडपडद्याच्या शब्दांवर काम भागविलें जातें, किंवा तिथि तेवढी देऊन लेखक पुढें जातो. या मौनाचें कारण केवळ लज्जा, असें नाहीं. त्यामागें धर्मशास्त्राचा एक मोठा व्यवहार उभा आहे, आणि तो मृताइतकाच त्याच्या मागें राहिलेल्या माणसांचा आहे. आत्मघातानें गेलेल्या मनुष्यासाठीं त्याच्या आईबापांनीं, पत्नीनें, मुलांनीं शोक करावा कीं नाहीं, त्यास पाणी द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर कोणत्या वाटेनें, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत मांडावयाचा आहे.

सहगमन, योग्यांची समाधि, जैनांची सल्लेखना हे विषय येथें घेतलेले नाहींत. त्यांचें शास्त्र निराळें आहे. धरणें व त्रागा, म्हणजे समोरच्यास पापाचें भय घालून आपलें मागणें वसूल करण्यासाठीं स्वतःच्या जिवावर उठणें, हाही प्रकार वेगळाच. त्याचा उल्लेख पुढें कायद्याच्या ओघांत एकदां येईल. आपला विषय आहे तो दुःखानें, क्रोधानें, भयानें वा रोगानें गांजून गेलेल्या साध्या मनुष्याचा, आणि त्याच्या घराचा.

(२) स्मृतींचें कठोर शासन

सूत्रें व स्मृति यांचा पहिला सूर निषेधाचा आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आत्मत्याग करणारांची उदकक्रिया बंद होते असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत, अगदीं आरंभींच, अशांचें आशौच धरूं नये व त्यांस उदक देऊं नये असा नियम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण याहून पुढें जातें. एकाएकीं मेलेल्याच्या प्रेताची परीक्षा कशी करावी, घातपात करून आत्मघाताचा देखावा केला आहे काय हें कसें ओळखावें, याचें तेथें बारकाईनें विवेचन आहे. आजच्या पंचनाम्याचाच तो पूर्वज म्हणतां येईल. परंतु काम वा क्रोध यांच्या आहारीं जाऊन खरोखरच जीव दिला असें ठरल्यास प्रेत राजमार्गावरून ओढून न्यावें, त्यास श्मशानविधि नाहीं, आणि जो बांधव त्याचें प्रेतकार्य करील त्याची तीच गति व्हावी किंवा स्वजनांनीं त्यास टाकावें, असें शासन त्याच प्रकरणाच्या अखेरीस येतें. यमाच्या नांवावर असलेल्या वचनांत, प्रयत्न करून वांचलेल्यास दोनशें पण दंड आहे, आणि त्याच्या पुत्रांस व मित्रांसही प्रत्येकीं एक पण दंड आहे.

पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायाचा आरंभ या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. अतिमान, अतिक्रोध, स्नेह व भय हीं चार कारणें देऊन पराशर साठ हजार वर्षांचा नरक सांगतो. पुढें तो म्हणतो, अशाचें आशौच नाहीं, त्यास उदक नाहीं, अग्नि नाहीं, आणि त्याच्यासाठीं अश्रूही ढाळूं नयेत. प्रेत वाहणारा, अग्नि देणारा, फार काय, पाश तोडून देह खालीं घेणाराही तप्तकृच्छ्र केल्यावांचून शुद्ध होत नाहीं.

येथें क्षणभर थांबावें. उदक बंद करणें हा विधीचा विषय झाला. अश्रु बंद करणें हा मनुष्याच्या मनावरचा हुकूम झाला. शास्त्रकाराचा हेतु उघड आहे. आपल्या पश्चात् आपल्यासाठीं कोणी रडणारही नाहीं या धाकानें मनुष्य परत फिरावा, असें त्यास वाटलें असेल. पण शिक्षा भोगण्यास तो मनुष्य उरलेलाच नसतो. दंड पडतो तो पुत्रावर, प्रायश्चित्त पडतें तें पाश तोडणाऱ्या शेजाऱ्यावर, आणि मौन पडतें तें आईवर. निवारणाच्या इच्छेनें केलेलें शासन अशा रीतीनें ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्यांच्या वांट्यास आलें.

(३) पहिलें दार : प्रमाद

हा नियम घरोघरीं जसाच्या तसा चालणें शक्य नव्हतें, आणि शास्त्रानेंही तो तसा राहूं दिला नाहीं. पहिली वाट गौतमधर्मसूत्रांतच दिसते. शस्त्र, अग्नि, विष, उदक इत्यादिकांनीं मरणाऱ्यांचें आशौच तत्काळ संपतें असें सांगतांना गौतमानें ‘इच्छणाऱ्यांचें’ अशी अट घातली आहे. म्हणजे नुसता मृत्यूचा प्रकार पुरेसा नाहीं. त्यामागें बुद्धिपूर्वक इच्छा पाहिजे. अंगिरसाच्या वचनानें ही अट अधिक स्पष्ट होते. अग्नि, जल इत्यादिकांनीं जो प्रमादानें, म्हणजे अनवधानानें, मरेल त्याचें आशौच धरावें व त्यास उदक द्यावें, असें तो सांगतो.

आतां व्यवहाराचा विचार करावा. विहिरींत सांपडलेल्या देहावरून, तो मनुष्य पाय घसरून पडला कीं कसें, हें कोण सांगणार? इच्छा ही डोळ्यांनीं दिसणारी वस्तु नव्हे. संशयाचा निर्णय प्रमादाच्या बाजूनें केला कीं घरास सुतक मिळे, पाणी देतां येई, चार माणसें दारीं येऊं शकत. अशा निर्णयास असत्य म्हणून झटकून टाकणें सोपें आहे. परंतु मृताच्या अंतःकरणाविषयीं निश्चय करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, ही जाणीवही त्यांत आहे, हें विसरतां कामा नये.

(४) दुसरें दार : नारायणबलि

जेथें संशयास जागाच नव्हती तेथें दुसरी वाट निघाली, ती नारायणबलीची. तिचें सुसंगत निरूपण विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत आढळतें. याज्ञवल्क्याच्या ज्या श्लोकांत आत्मत्याग्यांचें आशौच व उदक नाकारलें आहे, त्याच श्लोकाच्या टीकेंत विज्ञानेश्वरानें हा विधि दिला आहे. ज्या ठिकाणीं दार बंद झालें होतें तेथेंच तें उघडलें गेलें, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

विधीचें स्वरूप थोडक्यांत असें. मृत्यूनंतर एक वर्ष लोटूं द्यावें. मग शुक्ल पक्षांतील एकादशीस विष्णु व यम यांची पूजा करावी. दक्षिणाग्र दर्भांवर मध, तूप व तीळ मिसळलेले दहा पिंड, मृताचें नांव व गोत्र उच्चारून, विष्णूचें ध्यान करीत द्यावेत, व ते नदींत सोडावेत. त्या रात्रीं विषम संख्येनें ब्राह्मणांस निमंत्रण देऊन कर्त्यानें उपवास व जागरण करावें. दुसरे दिवशीं मध्यान्हीं एकोद्दिष्टाच्या रीतीनें श्राद्ध करून पांच पिंड द्यावेत : चार विष्णु, ब्रह्मा, शिव व सपरिवार यम यांस, आणि पांचवा मृतास, त्याच्या नामगोत्रास विष्णूचें नांव जोडून. यानंतर पुढील और्ध्वदेहिक कर्माची वाट मोकळी होते.

या विधीचा जो कोणी विचार करील त्यास त्यांतील तीन गोष्टी जाणवल्यावांचून राहणार नाहींत. ज्याचें नांव घरांत कोणी घेत नव्हतें त्याचें नांव व गोत्र चारचौघांत मोठ्यानें उच्चारलें जातें. ज्यास नरकाचा धनी म्हटलें होतें त्याचें नांव नारायणाच्या नांवाशीं जोडलें जातें. आणि ज्या घरीं लोक येत नव्हते त्या घरीं पंक्ति बसते. मिताक्षरेंत उद्धृत केलेल्या एका वचनांत या विधीचें कारणही दिलें आहे : लोकनिंदेच्या भयास्तव हा बलि करावा, आणि म्हणून त्यांनाही सदक्षिण अन्न द्यावें. शास्त्रकारानें येथें लपवाछपवी केलेली नाहीं. मृताची गति हा एक प्रश्न. आणि जिवंतांस सोसावी लागणारी निंदा हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर म्हणूनही नारायणबलीकडे पाहिलें पाहिजे.

मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत, सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) याच्या काळीं लिहिली गेली. या विक्रमादित्याचा पिता पहिला सोमेश्वर यानें असाध्य ज्वरानें पीडित झाल्यावर इ. स. १०६८ त कुरुवत्ति येथें तुंगभद्रेंत देह ठेविला. पित्याच्या या अंताची वार्ता पुत्रास कशी कळली व त्यानें कसा विलाप केला, हें बिल्हणानें विक्रमाङ्कदेवचरिताच्या चौथ्या सर्गांत वर्णिलें आहे. त्या काव्याची पोथी ब्यूलर यांस जेसलमेरच्या जैन भांडारांत १८७४ सालीं मिळाली, हें पोथीसंग्राहकांस ठाऊक आहेच. सोमेश्वराचा मृत्यु असाध्य रोग्यास शास्त्रानें दिलेल्या अपवादांत मोडतो, व तसा तीर्थीं देहत्यागही पुढें कलिवर्ज्य ठरला. राजाच्या शोकाचा टीकाकाराच्या लेखणीवर परिणाम झाला, असें म्हणण्यास आधार नाहीं व तसें मी म्हणतही नाहीं. परंतु मागें राहिलेल्या पुत्राचा शोक ज्या राजसभेंतील काव्यास वर्ण्य वाटला, त्याच राज्यांत त्या शोकास शास्त्रीय वाट करून देणारी टीका लिहिली गेली, एवढें नमूद करण्याजोगें आहे.

(५) महाराष्ट्रांतील आठवण

मराठी मनानें या प्रश्नाची एक आठवण फार जवळ जपली आहे. चरित्रपरंपरेप्रमाणें आळंदीच्या विठ्ठलपंतांस, संन्यास सोडून गृहस्थाश्रमांत परत आल्याबद्दल, देहान्त प्रायश्चित्त सांगण्यांत आलें, आणि तीं पतिपत्नी चार मुलें मागें ठेवून निघून गेलीं. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई हीं तीं मुलें होत. प्रायश्चित्त झालें, तरी मुलांचें बहिष्कृतपण संपलें नाहीं. त्यांस पैठणापर्यंत जावें लागलें. पैठणच्या शुद्धिपत्राच्या प्रामाण्याविषयीं विद्वानांत वाद आहे, आणि तो येथें सोडविण्याचें प्रयोजन नाहीं. परंपरेनें काय लक्षांत ठेविलें तें महत्त्वाचें. आईबापांनीं चुकविलेल्या प्रायश्चित्ताचें मोल तिनें लक्षांत ठेविलें नाहीं; पोरक्या झालेल्या चार भावंडांस दारोदार काय ऐकावें लागलें, तें मात्र तिनें सातशें वर्षें विसरूं दिलें नाहीं.

पुढील निबंधकारांनीं नारायणबलीची वाट अधिक रूढ केली. मूळच्या पैठणच्या पण काशींत नांदलेल्या भट्टघराण्यांतील कमलाकरभट्ट यांनीं इ. स. १६१२ त निर्णयसिंधु रचला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा धर्मसिंधु शके १७१२, म्हणजे इ. स. १७९०–९१ चा. दुर्मरणाचा विचार दोहोंतही आहे, आणि महाराष्ट्रांतील भिक्षुकांच्या घरीं या दोन ग्रंथांच्या पोथ्या नाहींत असें क्वचितच. त्र्यंबकेश्वरीं हा विधि आजही चालतो.

धर्मसिंधु पुरा होऊन सुमारें पांच वर्षें होतात तों पुण्यास तोच प्रश्न राज्याच्या प्रश्नाच्या रूपानें उभा राहिला. २५ आक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यांत उंचावरून पडले व २७ तारखेस वारले. त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत हें कृत्य बुद्धिपुरस्सर म्हटलें. पुढील मराठी अभ्यासकांनीं तापाच्या भ्रमांत तोल जाऊन पडल्याचा पक्ष मांडला. नानांचा कडक पहारा, बाजीरावाशीं झालेला पत्रव्यवहार, दसऱ्याच्या सुमाराचें आजारपण, अशा सर्व कारणांची चर्चा झाली आहे व होत राहील. मला येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, हा वाद अक्षरशः गौतम व अंगिरस यांचाच वाद आहे : इच्छा कीं प्रमाद? तिसरा विचार या वादांत क्वचितच झाला. पेशव्यांच्या मागें यशोदाबाई ही पोरवयाची पत्नी राहिली. तिच्या मांडीवर १७९६ त चिमाजीआप्पास दत्तक देऊन गादीचा प्रश्न सोडविण्यांत आला. गादीचा वारस कोण, यावर कागदांचे ढीग आहेत. तिच्या शोकाविषयीं विचारपूस करणारा कागद आपण किती जणांनीं शोधला?

(६) विलायती कायदा व आपलें कलम

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत जो कायदा आला त्याचें मूळ इंग्लंडांत होतें. म्हणून तिकडील स्थिति थोडक्यांत पाहणें जरूर आहे. तेथें आत्मघात हा राजाविरुद्ध गुन्हा मानीत. प्रेत चव्हाट्यावर पुरून त्यांत खुंटा ठोकीत, आणि मृताची जंगम मालमत्ता सरकारजमा होई. म्हणजे पुन्हा दंड विधवेस व मुलांस. पंचांनीं यावर शोधलेली वाट आपणांस ओळखीची वाटेल : मृताची बुद्धि त्या समयीं ठिकाणावर नव्हती, असा निर्णय ते देऊं लागले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक निर्णय तसेच होत. चव्हाट्यावरील दफन १८२३ त बंद झालें, मालमत्तेची जप्ती १८७० त गेली, आणि गुन्हा म्हणून आत्मघात १९६१ त रद्द झाला. प्रमादाचें दार इंग्रज पंचांनींही आपल्यापरीनें उघडलें होतें.

हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेनें ३०९ व्या कलमान्वयें प्रयत्न करून वांचलेल्यास एक वर्षापर्यंतची साधी कैद ठेविली. यमाच्या दोनशें पणांचीच ही नवी आवृत्ति होय. विधि आयोगानें १९७१ त हें कलम काढावें अशी शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ त व सर्वोच्च न्यायालयानें १९९४ त तें घटनाबाह्य ठरविलें. परंतु १९९६ त सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठानें आधींचा निर्णय फिरविला. शेवटीं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें (अंमल २९ मे २०१८ पासून) असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्यास शिक्षा करूं नये, आणि त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य समजावें, असें ठरविलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत ३०९ वें कलम राहिलें नाहीं. राहिला तो केवळ सरकारी अधिकाऱ्यास कर्तव्यापासून रोखण्यासाठीं केलेला प्रयत्न (कलम २२६), म्हणजे आपल्या जुन्या धरण्यात्राग्याचाच प्रकार. काशी प्रांतांतील ब्राह्मणांच्या धरण्यास १७९५ च्या कंपनीच्या कायद्यानें बंदी घातली होती, त्याच परंपरेंतला.

शिक्षेनें आत्मघात थांबतो, हा समज अशा रीतीनें दोन्हीकडे सोडून द्यावा लागला. पण शिक्षा गेली म्हणून दुःख कमी झालें असें नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकीं २२,७४६ महाराष्ट्रांत, व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे. आत्मघातानें आप्त गमावलेल्या माणसांत पुढें तशाच मृत्यूचा धोका इतरांपेक्षां अधिक असतो, हें आतां अभ्यासानें सिद्ध झालें आहे. म्हणून अशा घराची विचारपूस करणें हें सांत्वन तर आहेच, पण पुढील मृत्यूचें निवारणही आहे. जें पराशरानें बंद केलें, तें रडणें व नांव घेणें, तेंच औषधाचा भाग ठरलें.

(७) कागद वाचणारांस तीन सूचना

वरील विवेचनावरून संग्राहकांनीं व संशोधकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या असें मला वाटतें.

पहिली. खर्चाच्या यादींत ‘नारायणबलि’ दिसला म्हणजे त्या घरीं आत्मघात झाला, असें अनुमान करूं नये. सर्पदंश, वीज, श्वापद, पाणी अशा सर्व दुर्मरणांस हा विधि सांगितला आहे, आणि यतीसाठींही नारायणबलि करितात. दुसऱ्या पुराव्यावांचून हें अनुमान टिकणार नाहीं.

दुसरी. ‘अकस्मात्’, ‘अपघात’ हे शब्द मुळांत असतील तसेच छापावेत. त्यांचा अर्थ ‘आत्महत्या’ असा करून तळटीपेंत शेरा मारणें म्हणजे जो निर्णय समकालीनांनीं विवेकानें राखून ठेविला तो आपण तीन शतकांनंतर देऊन टाकणें होय. महाराष्ट्रांतील पोलीस ठाण्यांत आजही अशा मृत्यूची पहिली नोंद ‘अकस्मात् मृत्यु’ म्हणूनच होते. आणि जेथें आत्मघात निश्चित आहे तेथेंही ‘अमुक बोलल्यामुळें जीव दिला’ असें एकच कारण लिहून मोकळें होऊं नये. पराशरानेंही एक न देतां चार कारणें दिलीं होतीं. खऱ्या घरांत तीं चारांहूनही अधिक व एकमेकांत गुंतलेलीं असतात. एकच कारण लिहिलें कीं तें बहुधा मागें राहिलेल्या कोणा एकाच्या माथीं बसतें.

तिसरी. ज्या घराण्याचे वंशज हयात आहेत त्याचे असे कागद प्रसिद्ध करण्यापूर्वीं त्यांस विचारावें. कागद दडपावा असें मी म्हणत नाहीं. तो जपावा, त्याची नक्कल करावी, आणि प्रसिद्धीची वेळ त्या घराच्या संमतीनें ठरवावी. कागद देतांना कोणी म्हातारी बाई तीन पिढ्यांमागील एखादें नांव घेतांना थांबली, तर तिची घाई करूं नये. त्या घरीं तें नांव कदाचित् प्रथमच उच्चारलें जात असेल.

नारायणबलीच्या प्रयोगपोथ्या, त्याच्या खर्चाच्या याद्या, आणि दुर्मरणासंबंधीं शास्त्र्यांनीं दिलेलीं निर्णयपत्रें आजवर विखुरलेलीं आहेत. तीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. अशीं पन्नास निर्णयपत्रें एकत्र आलीं तरी, शास्त्राचा कठोर अक्षरार्थ व गांवोगांवचा दयाळू व्यवहार यांत किती अंतर होतें, तें स्थळकाळासह दाखवितां येईल. संशोधन मृतांचें असलें तरी वाचणारे जिवंत आहेत, हें जाणून आणखी एक गोष्ट येथेंच नमूद करितों : आक्टोबर २०२२ पासून सरकारनें चालविलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ असून ज्याचें मन स्वतःच्या जिवावर उठलें आहे त्यास, तसेंच ज्याच्या घरचें कोणी असें गेलें आहे त्यासही, तेथें विनामूल्य बोलतां येतें. इत्यलम्.